शालूतला खिसा

अपेक्षा मूळची वर्ध्याची, पुण्यात आयटीत नोकरीला. लहानपणापासून तिला मधुमेह. पोटाला चिकटवलेल्या नळीतून इन्शुलिन देणारा छोटा पंप ती सतत अंगावर बाळगायची. जीन्सच्या खिशात तो छान राहायचा. पण लग्नात शालू नेसायचा होता, आणि शालूला खिसा कुठला?

धायरीला होणाऱ्या सासरी, शुभंकरच्या घरी, शालू नेसून बघताना तिनं पंप निऱ्यांपाशी खोचला. खाली बसून उठली, तर गुळगुळीत रेशमावरून तो निसटला आणि नळीला लोंबकळला. पोटावरची पट्टी उखडली. अपेक्षा कळवळली.

तिची आई वेणूबाई हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी काढूनच ठेव ना. सगळे पाहतील."

"आई, साखर चढली तर मांडवातून थेट दवाखान्यात जाईन मी."

सासूबाई, तुळजाबाई, तोवर जुनी सुती साडी घेऊन आल्या होत्या. "रेशीम धरत न्हाई, सूत धरतंय. दे तो पंप हिकडं, माप घेऊ."

त्यांनी पिशवी शिवून परकराच्या पट्ट्याला जोडली, नळीसाठी काज केलं. पण कडेची शिवण कमरेला काचायला लागली.

"टोचतंय का? खरं सांग, लाजू नको."

"टोचतंय," अपेक्षा म्हणाली. शुभंकरच्या घरात तिनं पहिल्यांदाच 'नको'च्या जवळपासचं काही म्हटलं होतं. तुळजाबाईंनी सगळं उसवलं. या वेळी शिवण बाहेरच्या अंगाला घेतली, दुहेरी टीप मारली, आणि हात घालता यावा म्हणून पिशवीचं तोंड बाजूला ठेवलं. मग सुनेला वाकवलं, मांडी घालायला लावली, जिना चढवला-उतरवला. पंप हलला नाही. शेवटी वेणूबाईंनीच सुई मागून घेतली आणि काजाची कड पक्की केली.

लग्नात पंगत बसली. अपेक्षानं कमरेशी हात घालून पंप काढला.

"नवरीच्या हाती आताही मोबाईल?" वर्ध्याच्या मामी मोठ्यानं म्हणाल्या.

"मोबाईल नाही वो," वेणूबाई तेवढ्याच मोठ्यानं म्हणाल्या. "इन्शुलिनचा पंप आहे. जेवाच्या आधी लागते तिला."

मामींनी वाकून पाहिलं. "असं होय! घे बाई, घे."

अपेक्षानं जिलबीचाही हिशेब धरून डोसचा आकडा टाकला, पंप आत सरकवला आणि शुभंकरच्या ताटातली जिलबी उचलली.