आंब्याच्या रंगाचे शर्ट

शर्ट छापायला टाकले तेव्हा एनेइदाबाईंनी दुकानदाराला बजावलं होतं, रंग पिकल्या आंब्याचा हवा, गर्दीत लांबून दिसला पाहिजे. पुढे बोटीचं चित्र आणि ‘आमचं अख्खं घर समुद्रावर’, पाठीवर ज्याचं त्याचं नाव. बाईंची सत्तरी होती. तिन्ही मुलं अमेरिकेतून बेटावर, सान हुआन शहरात उतरणार, तिथून सगळ्यांनी मिळून चार दिवस बोटीने फिरून यायचं, असा बेत वर्षभर शिजत होता.

मग एकेक जण गळायला लागला. आनिबालला ओरलँडोच्या गोदामातून रजा मिळेना. सोराइदाच्या सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात निघालं. धाकट्या एदगार्दोने तर कारणसुद्धा दिलं नाही. ‘पुढच्या वर्षी नक्की, आई,’ असं लिहून त्याने खाली हसरी तोंडं पाठवली.

शेजारची एर्मिनिया पहिल्यापासून म्हणत होती, “येत नाहीत बघ. माझी आली का कधी?” त्यावर बाईंनी टीव्हीच्या वरच्या फळीवरची चिनीमातीची कोंबडी उचलून बाजूला ठेवली होती. “इथे फोटो लावीन. सगळ्यांचा. तेव्हा बोल.” कोमेरियोच्या त्या गल्लीत असं बोलून गेल्यावर माघार कशी घ्यायची? मुलं येत नाहीत हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. आपला शर्ट अंगात घातला, बाकीचे बॅगेत भरले आणि निघाल्या. न जाणो, धक्क्यावर ऐनवेळी कुणी दत्त म्हणून उभं राहिलंच तर?

धक्क्यावर कुणी उभं नव्हतं. म्हणजे माणसं हजारो होती, त्यांचं कुणी नव्हतं.

बोटीच्या शिडीपाशी एक फोटोवाला प्रत्येक घराला अडवून फोटो काढत होता. बाईंच्या पुढे किरिन्दोंगो नावाचं एक भलंमोठं खटलं होतं. आज्या, जावई, तान्ही पोरं, सगळी पिवळ्याधमक शर्टांत. बोटीचं चित्रही तेच. छापखानेवाले काय, एकच चित्र सगळ्यांना विकतात. फोटोवाल्याने बाईंचा शर्ट पाहिला, दंडाला धरलं आणि सरळ त्या घोळक्यात ढकललं. “आजी, मागे काय राहताय? हसा!” बाई ‘अहो, पण’ म्हणेपर्यंत फोटो निघालासुद्धा.

शेजारच्या मारिसेल नावाच्या तरण्या बाईने विचारलं, “मावशी, तुम्ही कुठल्या बाजूच्या?”

“कोमेरियोच्या,” एनेइदाबाई म्हणाल्या. हे खरंच होतं.

“हां, म्हणजे चेओकाकांच्या सासरच्या! या, या.”

इथे त्यांनी बोलायला हवं होतं. पण मारिसेलच्या पोरीने, सहा-सात वर्षांच्या आलोन्द्राने, त्या बेटावर घरच्या मोठ्या माणसाला मागतात तसा हात पुढे करून आशीर्वाद मागितला. “आशीर्वाद, मावशी!” आणि बाईंच्या तोंडून आपसूक गेलं, “देव तुझं भलं करो.” त्यांची स्वतःची नातवंडं फोनवर नुसतं ‘हाय’ म्हणायची. आशीर्वाद कुणाला द्यायची वेळ येऊन किती काळ लोटला होता! बाईंना इतकं बरं वाटलं की पुढचं सगळं बोलणं त्यांनी गिळून टाकलं.

मग काय, दोन दिवस त्या किरिन्दोंगो झाल्या. जेवायला त्यांच्या टेबलावर. बोटीवरचा तुरीच्या दाण्यांचा भात अगदीच मिळमिळीत होता. बाईंनी पर्समधून मसाल्याची डबी काढली तशी ती सगळ्या टेबलांवरून फिरून रिकामीच परत आली. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली बाई, त्यांना भरल्या पंगतीचा आवाज ओळखीचा होता. चेओकाकांनी त्यांना डोमिनोत भिडू घेतलं आणि हरल्यावर म्हणाले, “कोमेरियोची माणसं अशीच. खेळायला बसतात आणि गप्पा मारतात!”

“आणि तुमच्याकडची गप्प बसून हरतात,” बाईंनी सुनावलं. सगळे खो खो हसले.

रात्री मात्र त्या केबिनमध्ये यायच्या तेव्हा नातवासाठी घेतलेला दुसरा पलंग तसाच कडक इस्त्रीचा पडलेला असायचा. सफाईवाल्याने त्यावर टॉवेलचा हंस करून ठेवला होता. बाई त्याच्याकडे पाठ करून झोपत.

बोट सेंट थॉमस बेटाला लागली त्या दिवशी आलोन्द्राने शर्टावर सॉस सांडला आणि भोकाड पसरलं, कारण संध्याकाळी मोठ्या जिन्यावर सगळ्यांचा फोटो होता. बाईंनी तिला केबिनमध्ये नेलं आणि बॅगेतला लहान मापाचा शर्ट तिच्या अंगात चढवला. “मावशी, तुम्ही जास्तीचे आणलेत?” मारिसेल म्हणाली. “आमच्या घरात एवढी अक्कल एकालाही नाही हो!”

संध्याकाळी सगळे जिन्यावर उभे राहिले. समोरून फोटो झाले. मग कुणीतरी ओरडलं, “आता पाठी करा, नावं दिसू देत!” सगळे वळले. मारिसेलचं लक्ष पोरीच्या पाठीकडे गेलं.

“हा यादिएल कोण? आपल्यात कुणी यादिएल आहे?”

आधी हशा पिकला. मग सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि शेवटी एनेइदाबाईंकडे.

“माझा नातू,” बाई म्हणाल्या.

“कुठाय तो?”

“ओरलँडोत.” बाई मारिसेलकडे वळल्या. “मी तुमची कुणी नव्हे गं. शर्टाचा रंग तेवढा एक आहे. माझी पोरं आली नाहीत.”

कुणी वेडंवाकडं बोललं नाही. बोलले असते तर बाईंना भांडता तरी आलं असतं. चेओकाका म्हणाले, “अहो, त्यात काय एवढं!” आणि आपल्या बुटांकडे बघायला लागले. बाई स्वतःच पायऱ्या उतरून बाजूला झाल्या. मधली जागा एका जावयाने सरकून भरून टाकली.

मारिसेलने आपला फोन पुढे केला. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. रिकामं उभं असलेलं माणूस तेवढंच होतं.

“बाई, जरा आमचा एक फोटो काढता?”

दोन दिवस मावशी होत्या त्या. बाईंना तो बदल सुई टोचावी तसा कळला. पण त्यांनी फोन नीट धरला, शाळेत पोरांना ओळीत उभं करायच्या तसा आवाज चढवला. “मागचे, माना वर! तुम्ही, डोळे उघडा!” किरिन्दोंगो मंडळी निमूट हसली. फोटो छान आला. बाईंनीच तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि मग फोन परत दिला.

शेवटच्या सकाळी केबिनच्या दाराला पिशवी लटकत होती. आत यादिएलचा शर्ट, धुऊन, घडी घालून. उतरायच्या रांगेत आलोन्द्रा बरीच पुढे होती. तिने मागे वळून दोन्ही हात हलवले आणि काहीतरी ओरडली. बाईंनी तिथूनच म्हटलं, “देव तुझं भलं करो.” गर्दीत ते कुणाला ऐकू गेलं नसेल.

पहिल्या दिवशीचा, शिडीपाशी काढलेला फोटो मात्र त्यांनी विकत घेतला होता.

घरी आल्यावर त्यांनी तो फळीवर ठेवला. बॅग उघडायच्या आत एर्मिनिया हजर. तिने फोटो खाली उतरवला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

“अगं बाई! केवढा हा गोतावळा! चांगलीच बडदास्त ठेवलेली दिसतेय तुझी.” तिचं बोट एकेका चेहऱ्यावरून फिरत गेलं आणि हळूहळू मंदावलं. “आनिबाल कुठाय गं यात? सोराइदा?”

“फोटो काढायला कुणी नको का?” एनेइदाबाई म्हणाल्या. त्या पाठमोऱ्या होत्या, कॉफीचं भांडं शोधत होत्या. ते समोरच होतं.

“तिघंही फोटो काढत होते?”

“हो. तिघंही.”

एर्मिनिया एरवी असा मुद्दा सोडणारी नव्हती. तिने फोटोकडे पाहिलं, मैत्रिणीच्या पाठीकडे पाहिलं. पिवळ्या शर्टावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आई’. तिने फोटो जागेवर ठेवला आणि कोंबडी उचलून त्याच्या शेजारी, जरा अलीकडे, नीट टेकवून ठेवली.

“साखर जास्त घाल,” ती म्हणाली. “आणि सगळ्यांची नावं सांग मला. पहिल्यापासून.”

एनेइदाबाईंना सगळी पाठ होती.