बघतो की करतो

जालन्याच्या एमआयडीसीत आमचा बियाण्याचा कारखाना. कुणीही उठतो अन् कॉम्प्युटरवर गेटपास काढतो, हे मालक अण्णासाहेबांना खुपायला लागलं. मंग नवं सॉफ्टवेअर आलं. ज्याचं जे काम, त्याला तेवढंच बटण. ते बसवायला संभाजीनगरहून अर्पिता नावाची पोरगी आली. हुशार, पण शिक्षण सगळं इंग्रजीत. तिनं एकेकाला विचारलं, "तुम्ही काय करता?"

"गोदाम बघतो," तातेराव म्हणाला. तिनं लिहिलं: गोदाम, फक्त बघणे.

"काटा बघतो," मी म्हणालो. वजनकाटा, फक्त बघणे.

अण्णासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "मी सगळंच बघतो!" सगळं, फक्त बघणे.

शेवटी झाडू घेऊन तुळजाबाई आली. "हे समदे नुसते बघून राह्यले, बाई. करायचं मलाच." पोरीनं इमानदारीत लिहिलं: सगळं करणे.

शनिवारी सकाळी सॉफ्टवेअर चालू करून पोरगी परत गेली. दुपारी एकला सोमेश्वर ड्रायव्हरची गाडी सोयाबीन भरून उभी. भोकरदनला पोती उतरवून त्याला पाचपर्यंत पिंपळगाव रेणुकाईला घरी पोचायचं होतं. त्याच्या आकांक्षाला बघायला पाहुणे येणार होते. अन् गेटपास निघेना.

"दाबा की बटण!" सोमेश्वर म्हणाला.

"दाबूनच राह्यलो," तातेराव म्हणाला. "परवानगी नाही म्हणतंय."

अण्णासाहेबांनी स्वतःचं बोट लावलं. परवानगी नाही. "माझ्याच कारखान्यात?" त्यांनी अर्पिताला फोन लावला.

"सर, तुम्हीच म्हणालात ना, सगळं बघतो? आता परवानग्या फक्त तुळजाबाई देऊ शकतात."

कपबशा विसळत असलेल्या तुळजाबाईला आणून मालकाच्या खुर्चीत बसवलं. कॉम्प्युटरनं ओटीपी मागितला. बाईकडं फोनच न्हाई. तिनं शेजारणीचा, बेबीनंदाचा नंबर दिल्ता.

"बेबे, आकडा आला का गं?"

"आला. पण खाली लिहिलंय, कोणालाच सांगू नका."

"अगं, मी तुळजा!"

"आवाज तर तिचाच काढला बराबर."

अण्णासाहेब ओरडले, "बाई, मी मालक बोलतोय!"

"बघा, टोळीच हाय," म्हणून तिनं फोन बंदच करून टाकला.

सोमेश्वर माझ्याजवळ आला. "कचरूदादा, बापच घरात न्हाई म्हणल्यावर पाहुणे काय म्हणतील?"

"गाडी सोड, बसनं जा."

"भरली गाडी सोडली तर नोकरी जाईल. पोरीचा बाप काय करतो म्हणल्यावर मंग काय सांगू?"

मालकाची कार बेबीनंदाला आणायला गेली. तिनं येऊन तुळजाबाईला समोरून बघितलं, मागून बघितलं, मंग कानात आकडा सांगितला. तोवर तो शिळा झाल्ता. पुन्हा मागवला. या भानगडीत चार वाजले. उन्हात उभ्या गाडीतल्या सोयाबीनला कोंब फुटले, वरच्या पोत्यातून आलेली हिरवी पानं मी स्वतः मोजली. खोटं वाटत असेल तर तातेरावाला विचारा, गोदाम तोच बघतो.

एकदाचा गेटपास निघाला. उठता उठता तुळजाबाईनं विचारलं, "अण्णासाहेब, तुम्हाला कोणतं बटण देऊ? चहाचं देऊ का?"

पोती उतरवायला हात लागावा म्हणून मीही गाडीत बसून गेलो. पिंपळगावला पोचलो तेव्हा सात वाजलेले. पाहुणे अजून बसलेले, पोह्यांच्या दोन फेऱ्या झालेल्या. आतून पोरीचा आवाज आला, "पप्पा आले का? मंग येते बाहेर." तेवढ्यासाठी तिनं सगळ्यांना दोन तास बसवून ठेवलं होतं.

सोमेश्वर सतरंजीवर टेकला. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. मुलाच्या बापानं घसा खाकरला. "मुलगा आमचा संभाजीनगरला असतो, सॉफ्टवेअरमधी."

"काय करतो?"

"कारखान्यांत परवानग्या बसवायचं काम बघतो."

सोमेश्वरनं उचललेला कप परत बशीत ठेवला.

"आधी एवढंच सांगा, पाहुणे. बघतो, का करतो?"