कानात सांगितलेलं

"मोठ्यानं बोल की गं. मला काय ऐकू येतंय हितनं?" जाईबाई नातीला म्हणाल्या.

"मोठ्यानंच बोलतीय," संघमित्रा म्हणाली. जाईबाईंपर्यंत त्यातलं अक्षरही पोचलं नाही. पलीकडे भाकरी थापणाऱ्या स्वप्नाला मात्र सगळं ऐकू आलं आणि तिला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

पोरीचा आवाज गेले काही दिवस उतरत चालला होता. स्वप्ना तिची आईच, तिनं ते पहिल्याच दिवशी ओळखलं आणि गप्प राहिली. "सर्दी हाय आत्या, जाईल," एवढंच सासूला म्हणाली. सासूनं ज्येष्ठमध उगाळून आणला, तर तोही पोरीला चाटवू दिला.

संघमित्रा तान्ही असताना तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. जीव वाचला, पण आवाजाची नस दुखावली आणि गळ्यातली डावी स्वरपट्टी हलेनाशी झाली. दोन पट्ट्या एकमेकींना मिळत नाहीत, मधून वारा निसटतो, असं सांगलीच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. पोरगी बोलायची ती नुसती कुजबुज. कित्येक वर्षं ती आईच्या कानाला तोंड लावून बोलली आणि स्वप्नानं ते बाकीच्यांना सांगितलं. कुपवाडच्या कारखान्यातून दमून आलेल्या राजरत्नलाही लेकीचं बोलणं बायकोकडूनच कळायचं. जाईबाईंना तर आधीच कमी ऐकू येई. नात त्यांच्या मांडीवर येऊन बसायची, तेवढंच.

मग इंजेक्शन झालं. पोरीला गुंगी देऊन डॉक्टरांनी दुर्बिणीतून त्या लुळ्या पट्टीत औषध भरलं. पट्टी फुगून मध्ये सरकली आणि आवाज आला. औषध काही महिन्यांत विरेल, तेव्हा परत या, हेही त्यांनी बजावलं होतं. घरी आल्यावर पोरगी जी बोलत सुटली ती थेट आजीपाशी. शाळेतली भांडणं, विहारात वंदना चालू असताना कोण पेंगलं, सगळं आजीला. दोघींचं खिदळणं ऐकत स्वप्ना भांडी आपटत घासायची. ज्या आवाजासाठी आपण दवाखान्याचे उंबरे झिजवले, तो सासूनं आयता पळवला, असं तिला वाटे. जाईबाई बिचाऱ्या काही पळवायला गेल्या नव्हत्या, पण हे स्वप्नाला कोण सांगणार?

आता पोरगी परत आईच्या कानाशी येऊ लागली होती.

त्या दुपारी जेवताना संघमित्रा पाणी प्यायली आणि तिला जोराचा ठसका लागला. पाणी नाकातून आलं, डोळे पांढरे झाले. जाईबाईंनी पाठीत थापट्या मारून तिला कसंबसं सावरलं.

"ही सर्दी न्हवं, स्वप्ना," त्या म्हणाल्या. "पयलं पण असाच ठसका लागायचा. औषध विरलंय. तुला कळलं न्हाई व्हय?"

"कळलं हुतं," स्वप्ना पुटपुटली.

ते जाईबाईंना ऐकू गेलं नाही. परत मोठ्यानं सांगायची स्वप्नाची छाती झाली नाही.

त्याच आठवड्यात ती सगळी परत इंजेक्शनसाठी सांगलीला गेली. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सिस्टर म्हणाली, "गुंगी येईपर्यंत हिच्याजवळ एकाच माणसाला थांबता येईल. कोण येतंय?"

स्वप्नानं आत जाताना घालायचा गाऊन आणि टोपी सिस्टरच्या हातातून घेतलीसुद्धा. तेवढ्यात संघमित्रानं तिची मान खाली ओढली आणि कानात सांगितलं, "आज्जीला पाठव."

"काय म्हणाली?" सिस्टरनं विचारलं.

राजरत्न आणि जाईबाई स्वप्नाच्या तोंडाकडे बघत राहिले. तिच्याशिवाय कुणालाच ऐकू आलं नव्हतं. तिनं काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. ते खोडून काढायला पोरीला आवाज नव्हता.

"आज्जी पायजे म्हणती," स्वप्ना म्हणाली.

"काय?" जाईबाईंनी कानामागं हात धरला.

मग तिला तेच परत सांगावं लागलं, मोठ्यानं. सांगून झाल्यावर तिनं सासूच्या अंगात तो गाऊन चढवला, मागच्या नाड्या बांधल्या आणि टोपीतून सुटलेले पांढरे केस आत खोचले.