शालीची उलट बाजू

मावशीच्या हिशेबी जगात माणसं दोनच प्रकारची: कापड सुलट बघणारी आणि उलटं करून बघणारी. पहिल्या प्रकारची फार, म्हणून तर जिन्याखालचं तिचं रफूचं दुकान तीस वर्षं टिकलं. भाची मात्र कुठल्याच खान्यात बसत नव्हती. आईमागे मावशीनेच वाढवलेली ही दीडशहाणी आता एम.ए. करत होती, आणि तेही कशात? तर स्पेन, पोर्तुगाल आणि त्यांच्या भाषा बोलणारी समुद्रापलीकडची सगळी अमेरिका. इतिहास, साहित्य, कला, सगळं एकत्र.

"म्हणजे चार डब्यांतलं थोडं थोडं," मावशी म्हणायची. "पोट भरतं का त्यानं?"

"डोकं भरतं."

"ते आधीच ओसंडतंय, बाई."

पण बुधवारी भाची दुकानात आली ती नाक लाल करूनच. शुक्रवारी तीन प्राध्यापकांपुढे प्रबंधाचा विषय मंजूर करून घ्यायचा होता. नाही झाला तर वर्ष वाया. विषय होता दोन बहिणी. शंभर वर्षांपूर्वी थोरली स्पेनमधल्या गावातच राहिली, धाकटी बोटीने अर्जेंटिनाला गेली. मागे उरली दोघींची पत्रं आणि एक शाल.

"साहित्याच्या बाई म्हणतात पत्रं पुरेत. इतिहासाचे सर म्हणतात बोटींच्या याद्या बघ, पत्रात लोक काहीही लिहितात. कलेच्या बाईंना फक्त शाल हवी. तिघांना बांधणारं माझ्याकडे काही नाही."

"शाल दाखव."

भाचीने संग्रहालयाकडून आलेला मोठा फोटो पुढे केला.

"ही झाली सुलट. उलटीचा नाही पाठवला?"

तोही होता, भाचीने तो धड बघितलासुद्धा नव्हता. मावशीने भिंग लावलं आणि एकेक टाका बोटाने मोजत गेली.

"एकाच ठिकाणी तीनदा रफू केलाय," ती शेवटी म्हणाली. "दोरा कुठून घातला, टोक कुठे लपवलं ते बघ. खालचा थर उजव्या हाताचा. त्यावरचा डावऱ्या हाताचा. आणि त्याच्यावर पुन्हा तोच उजवा."

भाची उभीच राहिली. "धाकटीला शाळेत डाव्या हाताने लिहिते म्हणून मारायचे! पत्रात आहे, मावशी! म्हणजे शाल तिच्याकडे गेली आणि परत आली..."

"ते तुझं तू बघ. आणि तिथे माझं नाव घेऊ नकोस. सातवी नापास बाईचं ऐकून आले म्हणालीस तर हसतील. तज्ज्ञ म्हणतात असं लिही."

शुक्रवारी अकराला फोन वाजला.

"मावशी, येतेस? सर विचारत होते, हे तज्ज्ञ कोण."

"मग?"

"सांगून टाकलं. माझी मावशी."

मावशीने मनातल्या मनात तिला चार शिव्या दिल्या, दुकानाला कुलूप लावलं आणि भिंग घेऊन निघाली.

इतिहासाचे सर हडकुळे आणि संशयी होते. दोघी बाई बऱ्या दिसल्या, पण बोलणार सर, हे मावशीने दारातच ताडलं.

"टाक्यावरून हात ओळखता येतो, हे आम्ही कशावरून मानायचं?"

मावशीचं लक्ष त्यांच्या जुन्या लोकरी कोटाच्या कोपराकडे गेलं होतं. "कोट द्या जरा." तिने बाही उलटी केली, भिंग धरलं. "हा रफू डावऱ्या हाताचा आहे. आणि करणाऱ्याला अजिबात घाई नव्हती."

सरांनी बाही हातात घेतली आणि तो रफू पहिल्यांदाच दिसल्यासारखा बघत राहिले.

"आईने केलाय," ते म्हणाले. "डावखुरी होती." मग घसा खाकरून, "पण शालीवरचे हात त्या बहिणींचेच, हे नक्की?"

"ते मला काय ठाऊक? मी फक्त हात सांगितले. नावं हिने पत्रांतून काढली. शाल कुणाबरोबर गेली-आली ते तुमच्या बोटींच्या यादीत शोधा."

साहित्याच्या बाई हसल्या. "सर, यांनी तर आपल्या तिघांनाही कामाला लावलं."

विषय मंजूर झाला, एका अटीवर. ती सरांनीच घातली: 'तज्ज्ञ' खोडायचं. भाचीने तिथेच खोडलं आणि वर लिहिलं, 'माझी मावशी, रफूगार, तीस वर्षं.' मावशीने ते दोनदा वाचलं आणि अक्षर गिचमिड आहे म्हणून नावं ठेवली.

सहा महिन्यांनी शाल प्रत्यक्ष बघायला भाची निघाली. बॅग भरताना मावशीने सुयांची डबी आत सरकवली.

"अगं, मला कुठे येतं रफू करायला?"

"येत नाही तेच बरं. फाटलं की तू कसाही टाका घाल आणि पाठवून दे. त्याच्यावर मी घालीन."

"आणि माझा वाकडातिकडा उसवणार नाहीस?"

"छे," बॅगेची चेन ओढत मावशी म्हणाली. "तुझा हात कळायला नको मला?"