दोन दिवस चूल बंद

गाडीची डिकी उघडली आणि माझ्या बुटांच्या पिशवीशेजारी आमचा पाच लिटरचा कुकर ठाण मांडून बसलेला दिसला. सोबत तांदूळ, डाळीचा डबा, तेलाची बाटली, माझी सुरी आणि माझा एप्रन. एप्रन बघून अंगाचा तिळपापड झाला. त्याची घडी मी घालते तशी नव्हती. म्हणजे ह्यांनी तो कपाटातून काढला होता, घडी घातली होती आणि मला न सांगता गाडीत ठेवला होता.

हे म्हणजे माझा नवरा. मागच्या सीटवरून उतरत होते ते माझे दीर आणि धाकटी जाऊ. आम्ही चौघं परगावी तळ्याकाठची एकवीस किलोमीटरची शर्यत धावायला आलो होतो. शर्यत रविवारी सकाळी होती आणि आज शुक्रवार होता.

"अहो, हे काय?"

"अगं, आपण उतरतोय त्या फ्लॅटमध्ये छान स्वयंपाकघर आहे. मुद्दाम बघून घेतलाय. शर्यतीच्या आधी बाहेरचं खाऊन पोट बिघडलं तर? तीन महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल."

"मी सांगितलं होतं ना, दोन दिवस गॅसला हात लावणार नाही म्हणून?"

"सांगितलं होतंस गं. बोलतो आपण असं कधीकधी."

"आणि वहिनी, तुमच्या हातच्या जेवणाची सर हॉटेलला येणार आहे का?" भावजींनी आपलं घोडं दामटलं.

ह्या कौतुकाची मला आताशा भीती वाटते. माझ्या हाताला चव आहे असं कुणी म्हणालं की समजावं, पुढचे दोन तास मी ओट्याशी उभी. मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं काम करते. साडेअकराच्या आत एकशे ऐंशी ट्रे वर जायला लागतात, प्रत्येकावर खाटेचा नंबर आणि आहाराची चिठ्ठी. बिनमिठाचं, बिनसाखरेचं, पातळ, मऊ. आम्ही चव बघतो ती तळहातावर थेंब घेऊन, आणि जेवतो तेही उभ्याने, रिकाम्या ट्रॉलीला टेकून. तिथून घरी गेलं की दुसरी पाळी. आता सवयच अशी झाली आहे की माणूस दिसला की मी मनात त्याची चिठ्ठी लिहिते. भावजी: पूर्ण आहार, दोनदा. जाऊ: चार घास, तेही दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत. हे: मऊ, गरम आणि वेळेवर. माझी चिठ्ठी कुणी लिहिली नाही, मीही नाही.

धावणं माझ्या मागे लागलं ते पाण्याच्या बाटल्यांमुळे. डॉक्टरांनी ह्यांना पळायला सांगितलं. ह्यांनी घड्याळ घेतलं, बूट घेतले, भावाला आणि भावजयीला गळाला लावलं, आणि मला बाटल्या सांभाळायला मैदानाच्या कडेला उभं केलं. एका सकाळी थंडी वाजली म्हणून मीही धावायला लागले. ट्रॉल्या ढकलून पोटऱ्या आधीच तयार होत्या. गेल्या महिन्यात सरावाला आम्ही अठरा किलोमीटर धावलो, तेव्हा मी ह्यांच्या चार मिनिटं आधी पोचले. त्यावर घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

एवढ्या लांब धावायला जायचं ठरलं तेव्हा मी एकच अट घातली होती. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, प्रत्येक जेवण बाहेर. बसून खायचं आणि कुणीतरी आणून द्यायचं. हे पेपर वाचता वाचता "हो हो" म्हणाले होते.

"कुकर गाडीतच राहील," मी म्हणाले आणि डिकी धाडकन लावली.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. दोघे भाऊ सोफ्यावर पाय पसरून बसले आणि वाट बघू लागले. कशाची ते दोघेही बोलत नव्हते, पण सहा वाजल्यापासून नजर स्वयंपाकघराच्या दाराशी. मी चपला घातल्या आणि खाली निघाले. दुसऱ्या मजल्यावर मागून पावलं वाजली.

"ताई, मी पण येते," जाऊ म्हणाली. "साबण आणायला जाते म्हणून सांगितलंय."

"खोटं कशाला बोललीस? भूक लागलीय म्हणायचं."

"तसं कुठे म्हणता येतं, ताई?"

कोपऱ्यावर सहा टेबलांचं एक खानावळवजा हॉटेल होतं. आम्ही सूप आणि पाव सांगितला. आतून घंटी वाजली तशी मी उठून बशा आणायला निघालेसुद्धा. वाढणारी बाई अर्ध्या वाटेत आडवी आली. "अहो बसा की. मी आणते ना." मी परत येऊन बसले, पण हातांचं काय करावं ते सुचेना. मांडीवर ठेवले, टेबलावर ठेवले. मग वाडगा समोर आला, वाफा येत होत्या. मला आठवेना, शेवटचं गरम कधी खाल्लं होतं. मला रडू आलं. सुपासाठी कोण रडतं? पण मी रडले, आणि नाक पुसून दुसरा वाडगा मागवला.

पाऊण तासाने दोघे भाऊ खाली आले आणि तोंडं पाडून शेजारच्या टेबलावर बसले. हे "तेल फार आहे" म्हणत राहिले आणि बशी पुसून खाल्ली.

शनिवारी मी मोकाट सुटले. सकाळी आमलेट आणि लोणी लावलेला पाव. अकराला केक, कारण दुकान वाटेत होतं. दुपारी एवढा मोठा थाळा भरून पास्ता, जो धावणाऱ्याने आदल्या दिवशी खायलाच हवा असं ह्यांच्याच धावण्याच्या पुस्तकात लिहिलं आहे. प्रत्येक ठिकाणी मी खुर्ची ओढून बसायचे आणि शाळेत नाव पुकारल्यासारखी ताठ बसून वाट बघायचे. जाऊसुद्धा आता साबणाची सबब सांगेनाशी झाली होती. हे मागून यायचे, घुम्यासारखे.

चार वाजता आम्ही छातीवर लावायचे नंबर घ्यायला एका शाळेच्या व्यायामशाळेत गेलो. लांब टेबलं, त्यावर कागदी पाकिटं, आणि मागे गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेली एक वयस्क बाई. ह्यांना, भावजींना आणि जावेला निळा नंबर मिळाला. मला मिळाला पिवळा.

"ताई, काहीतरी चुकलंय. मी एकवीसला आहे."

बाईंनी यादीवर बोट फिरवलं. "पाच किलोमीटर. सकाळी सातला. तीन आठवड्यांपूर्वी तुमच्याकडूनच बदललंय."

आमचे सगळ्यांचे अर्ज ह्यांनी भरले होते. मी वळून बघितलं. हे छताच्या पंख्याकडे बघत होते.

"अगं, तुझ्या भल्यासाठीच," ते म्हणाले. "एकवीस म्हणजे काय खेळ आहे का? आमची सुरुवात साडेपाचला. साडेतीनला आम्हाला काहीतरी गरम पोटात हवं. तू ते करून देणार, जरा पडणार, आणि सातला आरामात धावणार. सगळ्यांचंच जमतं."

सगळं आखलेलं होतं. कुकरसुद्धा त्या आखणीतच होता. ह्या सगळ्यांमध्ये मी कुठे होते, ते मात्र मला दिसेना. माझा आवाज चढला. "माझी धाव तुम्ही परस्पर विकून टाकलीत? आणि तीन आठवडे माझ्या हातचं जेवत होतात?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत."

टेबलामागच्या बाईंना मी विचारलं, परत बदलून मिळेल का. त्या म्हणाल्या, एकवीसची यादी भरली आहे. एकच वाट आहे. नोंदवलेल्या दोघांनी आपसात अंतर बदललं आणि दोघांनी सही केली तर चालतं, पण पाचच्या आत. भिंतीवरच्या घड्याळात चार वीस झाले होते.

"ताई, माझा घ्या," जाऊ पटकन म्हणाली. तिने तिचं निळं पाकीट पुढे केलं. "मला तसंही जमेलसं वाटत नाही."

ही पोरगी सरावात एकदा रस्त्याच्या कडेला ओकली होती आणि तोंड पुसून पुन्हा धावली होती. मी पाकीट तिच्या हातात परत कोंबलं. "तू गप्प बस. तुझा नंबर तुझ्याच छातीवर लागेल. ज्यांनी माझा बदलला, मला त्यांचा हवा."

भावजी हसले. मग माझ्याकडे बघून त्यांचं हसू मावळलं.

"वेडबीड लागलंय का तुला?" हे म्हणाले. "चल, फ्लॅटवर जाऊन बोलू."

"फ्लॅटवर गेलं की तुम्ही बोलता आणि मी भाजी चिरते. सव्वीस वर्षं तसंच चाललंय. इथेच बोला."

"माझी तीन महिन्यांची मेहनत आहे."

"माझी नाही?"

मागे रांग लागली होती. कुणी पुढे सरकत नव्हतं. 

"एकच सांगा," मी म्हणाले. "अठरा किलोमीटरला पुढे कोण होतं?"

ह्यांनी बुटांकडे बघितलं. मग घड्याळाकडे, मग पुन्हा बुटांकडे. त्यांनी तो अर्ज गरम जेवणासाठी बदलला की त्या चार मिनिटांसाठी, हे मला आजवर कळलेलं नाही. त्यांना तरी कळलं असेल की नाही, देव जाणे.

"तू," ते म्हणाले.

"दादा, अरे पण..." भावजी सुरू झाले.

"तू थांब रे." ह्यांनी पेन उचललं आणि सही केली. खाली मी केली. माझी सही वाकडी आली.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. संध्याकाळी साडेसहाला व्यायामशाळेतल्याच लांब टेबलावर बाकीच्या धावणाऱ्यांबरोबर भात आणि उकडलेले बटाटे खाताना मी मनात हिशोब करत होते. मी आयुष्यात एकवीस किलोमीटर धावले नव्हते. तीन तासांची मुदत होती. त्याच वेगाने मागून एक गाडी येते आणि मागे पडलेल्यांना गोळा करून नेते. त्या गाडीत बसायची वेळ आली असती, तर ते मला मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं. प्रत्येक सणावाराला, प्रत्येक पाहुण्यासमोर.  मी तरीही दुसऱ्यांदा भात घेतला. शेवटच्या शितापर्यंत संपवला.

सकाळी साडेपाचला निघालो तेव्हा रस्त्यावरचे दिवे अजून जळत होते. भावजी पहिल्याच वळणाला दिसेनासे झाले. जाऊ आठ किलोमीटर माझ्या बरोबरीने होती. मग मीच तिला म्हटलं, "जा तू पुढे, माझ्यासाठी थांबू नकोस." ती "पण ताई" म्हणाली आणि गेली. गेली ती अशी गेली की मला हसू आलं.

सतराव्या किलोमीटरला माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. अशी कळ, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी झाडाला धरून उभी राहिले. समोर पदपथावर हे होते. पाच किलोमीटर धावून झालं होतं, छातीवर पिवळा नंबर, केस ओले.

ते रस्ता ओलांडून आले. "बस कर आता," ते हळूच म्हणाले. "मागून गाडी येतेय. बस त्यात. सतरा काय कमी आहेत? कुणी काही म्हणणार नाही."

"तुम्ही म्हणाल," मी म्हणाले.

 नाही म्हणाले असते तर खोटं ठरलं असतं, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी झाड सोडलं. आधी लंगडत चालले, मग लंगडत धावले. मागे गाडीचं इंजिन घुरघुरत होतं. बावीस वर्षं मी साडेअकराच्या आत ट्रे पोचवते आहे. लिफ्ट बंद असली तरी, मदतनीस आली नाही तरी, हात भाजला तरी. एक ट्रे उशिरा गेला नाही. आज तो ट्रे मी होते.

दोन तास सत्तावन्न मिनिटं. शेवटच्या रेषेवर पाय टाकला आणि पुढच्या फुटपाथच्या कडेला मी जी बसले, ती उठवेना. जाऊ धावत आली, मिठी मारून रडायला लागली, मग तिला कुणी फोटोला ओढून नेलं.

थोड्या वेळाने हे आले. अभिनंदन वगैरे म्हणाले नाहीत. म्हणाले, "काही खाणार?"

"हो."

"काय?"

"मला काय विचारता? तुम्ही बघा."

धावणाऱ्यांच्या जेवणाचा मांडव मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. ते गेले. रांगेत उभे राहिलेले मला इथून दिसत होते, माणसांमागून मान उंचावून बघत, काय काय आहे ते. वीस मिनिटांनी कागदी बशी दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता, हळूहळू आले. दोन बटाटे, एक अंडं, पावाचा तुकडा. बशी माझ्या मांडीवर ठेवली आणि बसले नाहीत. समोर उभे राहिले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ती नजर मी ओळखली. लोकांच्या पहिल्या घासाकडे मी सव्वीस वर्षं तशीच बघत आले आहे.

मी बटाट्याचा घास घेतला. चावला. गिळला.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

छान आहे, म्हणता आलं असतं. दमलेल्या माणसाला तेवढं सांगायला काय जातं.

"मीठ कमी आहे," मी म्हणाले.

त्यांनी बशीकडे बघितलं. मग वळले आणि पुन्हा त्या रांगेत जाऊन उभे राहिले.