प्लास्टरवरची सही
निवृत्त शिक्षिकाबाईंच्या पायाचं प्लास्टर काढायची वेळ होऊन दोन आठवडे उलटले, तरी बाई कुणाला हात लावू देईनात. गुडघ्याखाली एका गाजलेल्या नटाची सही होती. तो नव्या वॉर्डाच्या उद्घाटनाला आला होता आणि फोटोवाल्यांना नीट दिसेल असा पहिलाच पाय बाईंचा निघाला.

शेवटी डॉक्टरांनी हात टेकले आणि बाईंना प्लास्टरवाल्याच्या खोलीत धाडलं. बावीस वर्षांत त्याने हजारो हातपाय मोकळे केले होते. सगळ्यांची तऱ्हा एकच, आधी घाबरायचं आणि मग खाजवत सुटायचं.

"सहीभोवती चौकोन कापतो," तो म्हणाला. "भिंतीवर लावा."

बाई कशाबशा तयार झाल्या आणि डोळे गच्च मिटून बसल्या. करवत घरघरली. तिसऱ्या बाजूला बाईंना गुदगुल्या झाल्या, पाय उडाला आणि सहीच्या शेपटासकट एका कोपऱ्याचा भुगा झाला.

प्लास्टरवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "कडा घासून आणतो," म्हणत तो तुकडा घेऊन पडद्यामागे सटकला. कोपरा लिंपला, पंख्याखाली वाळवला आणि काळ्या पेनाने दोन गिरक्या ओढल्या. त्याच्या मते मुळापेक्षा झकास.

बाईंनी चष्मा लावला. "चौतीस वर्षं प्रगतिपुस्तकं तपासली मी. बापाची सही पोराने ठोकली की लगेच कळायचं. हे शेपूट तुमचं."

"हो, बाई," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "करवत घसरली."

"पाय माझाच उडाला. पण खाडाखोड केली की शेजारी सही करायची असते. करा."

मस्टरवर तो रोज फराटा मारायचा, पण हौसेने त्याची सही आजवर कुणी मागितली नव्हती. जीभ दातात धरून त्याने शेपटाखाली पूर्ण नाव काढलं, खाली तारीख घातली.

"ही निदान वाचता तरी येते," बाई म्हणाल्या. "त्या शहाण्याने नुसती शाई सांडलीय."

दहा आठवड्यांच्या वासासकट तो तुकडा बाईंच्या दिवाणखान्यात लागला. पाहुणे नाकाला रुमाल लावून विचारतात, वरची सही कुणाची? खालची कुणाला विचारावी लागत नाही.

प्लास्टर कापल्याच्या दुसऱ्या दिवशी मस्टरवरही प्लास्टरवाल्याने सावकाश, सुवाच्य सही केली. मागे रांग तुंबली.

"राजीनामा लिहितोयस का?" कारकुनाने विचारलं.