जिना चढताना

"मिटा. घट्ट नका मिटू, नुसते मिटा," असं म्हणत तिने कापसाची ओली काडी बाबांच्या उजव्या पापणीच्या मुळाशी टेकवली. केसांच्या बुंध्याला धरलेली पिवळट खपली हलली, अर्धी निघाली, अर्धी चिकटून राहिली. पापणीची कडा लालच होती. शेक सुरू करून अडीच महिने झाले तरी लालच.

उशाशी स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून आत्या बोलत होती. फोन आणि भाषण यांतला फरक आत्याला कधीच मान्य नव्हता.

"अगं, मी सगळ्यांना सांगत सुटलेय! माझी भाची पापणी बघते आणि हृदयाचं सांगते. नाहीतर आमचे डॉक्टर, छातीला नळी लावून वर्षभर नुसतं श्वास घ्या, श्वास सोडा."

"आत्या, तसं नाहीये ते."

"पुरे गं तुझा विनय. भाऊ वाचला माझा."

बाबा मिटल्या डोळ्यांनी हसले. "तिला म्हणावं, तुझ्याही पापण्या पाठवून दे."

"माझ्या पापण्यांना काही झालेलं नाही!" आत्या कडाडली आणि फोन बंद झाला.

तसं नाहीये, हे मात्र खरंच होतं. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती लोकांचे डोळे तपासायची. महिन्याभरापूर्वी तिने एक शोधनिबंध वाचला होता. ज्यांच्या पापण्यांच्या कडा वर्षानुवर्षं सुजलेल्या राहतात, त्यांच्यात हृदयविकार काहीसा जास्त आढळतो. 'काहीसा' या शब्दाखाली तिने रेघ मारली होती. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी होते असं नाही, हे तिला पढवून पक्कं झालेलं होतं. तरी जेवताना ती सहज बोलून गेली, "बाबा, एकदा हृदयाचंही दाखवून घ्या." बाबा गेले. सरकत्या पट्ट्यावर चालवून करायची हृदयाची तपासणी तिसऱ्याच मिनिटाला थांबवावी लागली. दोन रक्तवाहिन्या अरुंद निघाल्या. उद्या सकाळी त्यांना दाखल व्हायचं होतं, आणि घरात ती एकदम हुशार ठरली होती.

अडीच महिन्यांपूर्वीचं बाबांचं कार्ड मात्र तिने दुकानातल्या खणातून आणून पर्समध्ये ठेवलं होतं. कार्डावर तक्रारींचे पाच चौकोन छापलेले होते: जळजळ, खाज, पाणी, जडपणा, अंधुक. तिने जडपणावर खूण केली होती. खाली लिहिलं होतं, कोमट शेक, दिवसातून दोनदा.

बाबा म्हणाले होते, "जिना चढताना डोळे जड होतात गं. मिटावेसे वाटतात. वर जाऊन जरा टेकलो की बरं वाटतं."

जिन्यासाठी चौकोन नव्हता.

आता तिच्या मांडीवर रुग्णालयाचा फॉर्म होता. वय, वजन, औषधं, सगळं भरून झालं होतं. 'त्रास कधीपासून?' एवढीच ओळ कोरी होती. डॉक्टरांना सगळ्यांनी तोंडी 'पंधरा दिवसांपासून' असं सांगितलं होतं.

"बाबा, एक सांगायचंय."

"डोळे उघडू?"

"नको."

मिटलेल्या डोळ्यांपुढे बोलणं सोपं जात होतं. तिने सगळं सांगितलं. कार्ड, चौकोन, शेक. मग म्हणाली, "तुम्ही जिना म्हणालात. मी फक्त डोळे ऐकले."

बाबांच्या पापणीखाली बुबुळ डावीकडून उजवीकडे सरकलं. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. विचार करतानाही ते ओळ वाचल्यासारखेच दिसत.

"मीही डोळेच म्हणालो ना," ते म्हणाले. "छाती म्हणणार होतो. तुझ्या दुकानाच्या पायरीवर ठरवलं, आधी डोळ्यांचं बोलू, बघू ही काय म्हणते. तू शेक म्हणालीस. इतकं बरं वाटलं मला! शीळ घालत घरी आलो."

"म्हणजे तेव्हाही छातीत…"

"उघडू का आता?"

तिने काडी बशीत ठेवली. मग फॉर्म पुढे ओढून पेन उघडलं.

"खरं सांगा. कधीपासून?"

"असेल दोन-तीन महिने."

"मागच्या हिवाळ्यापासून," दारातून आवाज आला.

आई इस्त्री केलेल्या शर्टांची चळत छातीशी धरून उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"बाजारातून येताना चढावर हे दर चार दुकानांनी थांबायचे. पाटी वाचत उभे. काय झालं विचारलं की म्हणायचे, 'थांब, वेलांटी चुकलीय.' अख्ख्या चढावरच्या वेलांट्या कशा चुकतील? मला वाटलं, डोळे गेले यांचे, अक्षरं लागत नाहीत." तिने शर्ट पलंगावर ठेवले आणि वरच्या शर्टाची कॉलर उगीचच सारखी केली. "म्हणून मीच मागे लागले, पोरीकडे जाऊन डोळे दाखवा म्हणून."

बाबांनी डोळे उघडले, पण दोघींपैकी कुणाकडेच पाहिलं नाही.

तिने कोऱ्या ओळीवर लिहिलं: मागच्या हिवाळ्यापासून, चढ आणि जिना चढताना.

"लिहिलंस?" आईने विचारलं.

"हो."

"आणि दिसत असून खोदून विचारलं नाही, ते कुठे लिहायचं असतं?"

तिने फॉर्म उलटून पाहिला.